खाली टाईम

निफाडजवळच्या त्या पॅकहाउसमध्ये पाहुणा आला की त्याला आधी वरच्या काचेच्या केबिनमध्ये नेत. तिथून खालचा सगळा हॉल दिसे. स्टीलची लांब टेबलं, टेबलांपाशी निळ्या टोप्या आणि मास्क लावून द्राक्षं भरणाऱ्या बायका, आणि समोर भिंतभर पसरलेला स्क्रीन. स्क्रीनवर प्रत्येक बाईचं नाव. नाव हिरवं असलं म्हणजे बाई कामात आहे. पिवळं झालं म्हणजे तिचा हात थांबलाय, आणि लाल म्हणजे फारच वेळ थांबलाय. मालकांचा मुलगा अश्विन पाहुण्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणे, "बघा, इथं कोणी कोणाला ओरडत नाही. सिस्टीम बोलते."

तेजस्विनी गायधनी अशा वेळी शेजारी उभी असे. कंपनीत कॉम्प्युटरचं जे काही होतं ते सगळं तिच्याकडे होतं, त्यामुळे पाहुण्यांसमोर तिला उभं राहावंच लागे. "या आमच्या मॅडम, सगळं यांनीच उभं केलं," असं अश्विन म्हणाला की ती ओठ ताणून हसायची.

खरं तर तिनं उभं केलं होतं ते वेगळंच होतं. सातपूरच्या कारखान्यातली बऱ्या पगाराची नोकरी सोडून ती इथे आली, कारण इथे सगळं पहिल्यापासून नीट मांडता येईल असं तिला वाटलं होतं. युरोपातला खरेदीदार विचारी, हे खोकं कोणत्या बागेतलं, आणि उत्तर द्यायला इथली माणसं दोन-दोन दिवस कागद उपसत. तेजस्विनीनं पुढच्या काही वर्षांचा आराखडा लिहिला. आधी बागेपासून कंटेनरपर्यंत प्रत्येक खोक्याचा माग, मग कोल्ड स्टोरेजचं तापमान, मग बाकीचे विभाग, शेवटी ऑफिस. टेबलांवरचे वजनकाटे कॉम्प्युटरला जोडले ते खोक्यात वजन कमी-जास्त भरू नये म्हणून. बस, एवढ्यासाठीच.

अश्विनला आराखडा आवडला, पण त्याला तो लांबलचक वाटला. लोकांना दाखवता येईल असं काहीतरी त्याला लगेच हवं होतं. त्यानं पुण्याहून रोहित नावाचा सल्लागार आणला. रोहितचं म्हणणं असं, की मशीन बदलणं सोपं असतं, बदल माणसांच्या डोक्यात घडवावा लागतो. तो घडवायला त्यानं पिवळे टी-शर्ट छापून आणले. त्यांच्या छातीवर 'चेंज चॅम्पियन' असं लिहिलेलं होतं. त्यातला एक कुसाबाईला मिळाला. कुसाबाई सुरगाण्याकडच्या बायकांची मुकादम. दर सीझनला जीप भरून बायका आणायची, सीझन संपला की घेऊन जायची. लुगड्यावरून तो पिवळा टी-शर्ट चढवून ती हॉलमध्ये फिरू लागली तेव्हा वरच्या केबिनमध्ये टाळ्या पडल्या.

काटे बघून रोहितचे डोळे चमकले. "वजन तर येतंच आहे. मग कोणाच्या काट्यावर किती वेळ वजन आलं नाही, हेही कळेल की." आठवड्याभरात त्याच्या माणसांनी ते जोडलं आणि भिंतीवर स्क्रीन लागला. काटे यासाठी नव्हते, असं तेजस्विनी मीटिंगमध्ये म्हणाली. रोहितनं मान डोलावली आणि "मुद्दा नोंदवलाय" म्हणाला. मुद्दा नोंदवला गेला आणि तिथंच मेला.

हात थांबलेल्या वेळाला हॉलमधल्या बायका 'खाली टाईम' म्हणू लागल्या. एकाच दिवसात नाव पुन्हापुन्हा लाल झालं की बाईला टेबलावरून काढून बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये खोकी दुमडायला बसवत. तरी नाही सुधारली, तर कुसाबाई तिला गावाकडच्या जीपमध्ये बसवून देई.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी हॉलमधला एक स्कॅनर अडकला म्हणून तेजस्विनी खाली गेली. माल टिकावा म्हणून हॉल गारठवून ठेवलेला असे. वर काचेमागे तो गारवा लागत नाही, खाली पाय ठेवला की हाडात शिरतो. ती टेबलाखाली वायर तपासत वाकली होती, तेव्हा समोरच्या टेबलापाशी उभी असलेली मैना एकदम हलायची थांबली. लग्न होऊन वर्षही न झालेली, बारकी, कामात चपळ मुलगी. तिचे पाय एकमेकांवर घट्ट दाबलेले तेजस्विनीला खालून दिसत होते. हात मात्र चालूच होते. कात्रीनं घडातला खराब मणी काढायचा, घड डबीत ठेवायचा, डबी काट्यावर. मग तिच्या साडीच्या काठाखालून फरशीवर पाणी पसरू लागलं.

तेजस्विनीला ते काय आहे हे कळायला क्षण लागला. मैनानं मान वर केली नाही. शेजारणीनंही केली नाही. मैनाची पुढची डबी काट्यावर आली. कुसाबाई बादली घेऊन आली, काही न बोलता फरशीवर फिनेलचं पाणी ओतलं आणि झाडूनं ते नाल्याकडे लोटलं. कोणी काही विचारायच्या आत म्हणाली, "पाणी सांडलं."

तेजस्विनीनं स्क्रीनकडे पाहिलं. मैनाचं नाव हिरवं होतं.

फरशीवरच्या पाण्याचं तिला काही वाटलं नाही. घरी लहान मुलाचं सगळं करणाऱ्या बाईला त्याची किळस वाटत नाही. तिला किळस आली ती त्या हिरव्या रंगाची. नुकत्याच घडलेल्या गोष्टीवर तो रंग 'सर्व ठीक' असं म्हणत होता.

जेवणाच्या सुट्टीत तिनं मैनाला शेडच्या मागे गाठलं. साडी बदललेली होती, केस ओले होते. ती खाली बघत म्हणाली, "संडास लांब हाय ना मॅडम. एप्रन काढा, टोपी काढा, चप्पल बदला, त्या बर्फाच्या खोलीला वळसा घाला. येताना परत हात धुवा, सगळं घाला. तवर नाव लाल व्हतं."

"मग सांगायचं ना कोणाला तरी."

"कोनाला सांगू?" मैनानं पहिल्यांदा वर पाहिलं. "मी सकाळधरनं पानीच पीत नाय. आमी कोनीच नाय पीत. आज थंडीनं झालं."

हॉल सोडताना एप्रन काढायचा, परतताना कोपरापर्यंत हात धुवायचे, हा नियम खरेदीदाराचा होता, आणि तो योग्यच होता. हात थांबवायचा नाही हा नियम रोहितचा. दोन्ही नियम पाळणाऱ्या बाईसमोर एकच वाट उरत होती, ती म्हणजे तहानलेलं राहणं.

त्याच आठवड्याच्या मीटिंगमध्ये रोहितनं नवा आलेख दाखवला. स्क्रीन लागल्यापासून बायकांचं हॉलबाहेर जाणं जवळपास थांबलं होतं. आलेखाची रेघ घसरगुंडीसारखी खाली आली होती आणि खाली पोचली होती तिथं हसरा चेहरा काढलेला होता. टेबलावर गरम कचोऱ्या आल्या होत्या. एक्सपोर्टची कागदपत्रं बघणारी राखी टाळ्या वाजवत होती, अकाउंट्सचे साहेब वाजवत होते.

"ही रेघ खाली का आली, मी सांगते," तेजस्विनी म्हणाली, आणि तिनं सांगितलं. आडपडदा न ठेवता, जे पाहिलं ते सगळं.

राखीनं हातातली कचोरी परत प्लेटमध्ये ठेवली. अश्विन घसा खाकरून म्हणाला, "मॅडम, आपण संडासला कुलूप लावलंय का? कोणाला अडवलंय का?"

"नाही."

"मग? एखादीची तब्येतीची काही तक्रार असेल. त्याचा सिस्टीमशी काय संबंध?"

"बाहेर जायला जेवढा वेळ लागतो तेवढा खाली टाईममधून वगळा. एक बटण द्या. अर्ध्या दिवसाचं काम आहे."

रोहितनं हळुवार आवाजात समजावलं. असा आवाज त्यानं कुठल्याशा प्रशिक्षणात कमावलेला असावा. "तेजस्विनी मॅडम, प्रत्येक बदलात विरोधाचा टप्पा येतोच. तो इथं आलाय, म्हणजे आपण बरोबर चाललोय. आता सवलत दिली तर सगळ्याच बटण दाबून बाहेर बसतील. डेटा घाण होईल."

घाण होईल. तेजस्विनीनं त्याच्या स्वच्छ नखांकडे पाहिलं. कचोरीच्या तेलाचा वास तिच्या नाकात गेला आणि ती खुर्ची सरकवून बाहेर पडली.

दोन-तीन दिवस तिनं विचार केला. मग आपलाच आराखडा काढला. त्यात शेवटचा टप्पा ऑफिसचा होता, आणि खाली अश्विनची सही होती. पुढच्या मीटिंगमध्ये ती शांतपणे म्हणाली, "ठरल्याप्रमाणे सोमवारपासून ऑफिसही सिस्टीमवर घेऊया. जे हॉलला ते आपल्याला. तेच नियम." अश्विन खूश झाला. मॅडमचा विरोधाचा टप्पा संपला, असं रोहितनं त्याच्या कानात सांगितलं असावं. कोणी काही विचारलं नाही.

सोमवारी ऑफिसच्या भिंतीवर तसाच स्क्रीन लागला, थोडा लहान. कीबोर्डला किंवा माउसला हात लागला नाही की नाव पिवळं, मग लाल. सुरुवातीला हशा झाला. अकाउंट्सच्या साहेबांचं नाव आधी लाल झालं, कारण ते चष्मा पुसत होते. लोकांनी मोबाइलवर फोटो काढले. अश्विन परदेशी खरेदीदाराशी फोनवर बोलत होता. तो बाहेर आला तेव्हा त्याचं नाव लालभडक होतं आणि सगळं ऑफिस तिकडे बघत होतं.

अकराच्या चहाला कोणी उठलं नाही. बोलणं बंद झालं. ज्यांना काही काम नव्हतं तेही माउस उगाच गोल गोल फिरवत बसले. तेजस्विनीनं पाहिलं, राखी जागेवरून उठली, दोन पावलं गेली, वळून स्क्रीनकडे पाहिलं आणि परत येऊन बसली. थोड्या वेळानं ती तेजस्विनीच्या टेबलाशी आली. तिचे डोळे भरले होते.

"ताई, मी बाथरूमला जायला उठले आणि परत बसले. माझं मलाच कळलं नाही. हे काय करून ठेवलंस तू?"

"मी काही नवं केलेलं नाही. खाली हेच चाललंय, राखी."

राखी उभीच राहिली. मग स्क्रीनकडे न बघता बाहेर गेली. तिचं नाव लाल झालं आणि बराच वेळ लालच राहिलं.

जेवणानंतर अश्विननं तेजस्विनीला आणि रोहितला आत बोलावलं. "हे आत्ताच्या आत्ता बंद करा."

"का?" तेजस्विनीनं विचारलं.

उत्तर रोहितनं दिलं. "ऑफिसचं काम वेगळ्या प्रकारचं असतं. इथं माणूस विचार करतो. विचार मोजता येत नाही."

"ठीक. विचार सोडा. बाथरूमला जाणं मोजता येतं का?"

"मॅडम, प्लीज. आपल्या लोकांचा आत्मसन्मान आहे की नाही?"

"मग हॉलमधलंही बंद करा. निदान बटण तरी द्या."

अश्विन वैतागला होता, पण आवाज चढवणाऱ्यातला नव्हता. तो चांगल्या शाळेत शिकलेला, वेळेवर पगार करणारा, दिवाळीला प्रत्येक बाईला साडी देणारा माणूस होता. समजूत घालावी तसा तो म्हणाला, "तुम्ही तुलना कोणाशी करताय? डोंगरात मैलमैल पाणी आणायला जातात त्या बायका. त्यांना सवय असते."

खोलीत एसी चालू होता. रोहित लॅपटॉप मिटत होता. तेजस्विनीला वाटलं, आपण इथे ज्या खुर्चीत बसलोय ती खुर्चीही चिकट आहे. ती उठली. संध्याकाळी घरी, इंदिरानगरला, पोचेपर्यंत तिनं गाडीत रेडिओही लावला नाही, आणि घरी गेल्यावर आधी आंघोळ केली.

ऑफिसचा स्क्रीन त्याच दिवशी उतरला होता. हॉलमधला तसाच होता.

दुसऱ्या दिवशी मैना कामावर आली नाही. पॅकहाउसच्या मागच्या खोल्यांत ती तापानं फणफणली होती, पाठीतून कळा येत होत्या. तेजस्विनीनं तिला स्वतःच्या गाडीतून सरकारी दवाखान्यात नेलं. सोबत कुसाबाई होती, अंगात तो पिवळा टी-शर्ट. तपासणाऱ्या डॉक्टरणीनं सांगितलं, की लघवीच्या जागी जंतू झालेत आणि ते मूत्रपिंडापर्यंत पोचलेत. मग विचारलं, "पाणी पीत नाही का गं?"

डॉक्टरणीनं सुस्कारा टाकला. "त्या बाजूच्या पॅकहाउसमधली या महिन्यात आलेली ही पहिली नाही."

बाहेर बाकावर कुसाबाई बसली होती. तेजस्विनीला वाटलं, हिनंच तर त्या दिवशी बादली आणली, पाणी सांडलं म्हणाली, नाव लाल झालेल्यांना जीपमध्ये बसवून दिलं. ती काहीशा तिरस्कारानंच म्हणाली, "तुम्ही एवढं बघत होता, कधी बोलला नाहीत."

"बोलले असते तर माजी जीप फुडल्या सालाला कोन बोलावतं?" कुसाबाई म्हणाली. "आन तुमी बोलल्या ना मॅडम? काय झालं?"



तेजस्विनी तशीच पॅकहाउसला परत आली आणि सर्व्हरच्या खोलीत गेली. खोक्यांचा माग, वजनं, तापमान या सगळ्याला तिनं हात लावला नाही. फक्त खाली टाईम मोजणारा भाग बंद केला. मग मीटिंगला बसणाऱ्या सगळ्यांना तिनं मेल लिहिली: आज मी हे बंद केलं आहे, कारण यामुळे माणसं आजारी पडत आहेत. खाली स्वतःचं नाव.

खाली हॉलमध्ये स्क्रीनवरचे रंग गेले आणि नुसती पांढरी नावं उरली. सुरुवातीला बायकांचा विश्वास बसेना. मग टेबलाच्या टोकाची एक बाई एप्रन काढून बाहेर गेली. तिच्या मागून दुसरी. संध्याकाळपर्यंत पाण्याच्या टाकीपाशी ग्लासांचा आवाज येत होता.

अश्विननं तिला बोलावून पुन्हा चालू करायला सांगितलं. ती म्हणाली, "मी नाही करणार." तो म्हणाला, मग रोहितची माणसं करतील. ती म्हणाली, "करतील. पण माझ्या हातून नाही." राजीनामा तिनं तिथेच दिला. त्यानं तो घेतला आणि, ही त्याची खरी तऱ्हा, तिला चहा विचारला. तिनं नको म्हटलं.

दोन दिवसांनी रंग परत आले. त्यानंतरच्या आठवड्यात, ऐन सीझनमध्ये, कुसाबाईनं पहाटे जीपा बोलावल्या आणि सगळ्या बायका घेऊन ती दिंडोरीकडच्या दुसऱ्या पॅकहाउसला गेली. मैना बरी होऊन आधीच माहेरी गेली होती. हे सगळं तेजस्विनीला राखीनं फोनवर सांगितलं. पिवळा टी-शर्ट दारातल्या खिळ्यावर अडकवलेला सापडला म्हणे. हॉलमध्ये काही दिवस माल पडून राहिला, त्याला आंबूस वास सुटला. त्या दिवसांत स्क्रीनवर एकही नाव लाल नव्हतं, आणि रोहितनं त्याही आठवड्याचा आलेख दाखवला.

पुढच्या जानेवारीत तेजस्विनी नाशिकमध्येच एका दवाखान्याच्या कॉम्प्युटर विभागात काम करत होती, तेव्हा अश्विनचा फोन आला. आवाजात जुना वैताग नव्हता. माग काढायच्या सिस्टीममध्ये काही अडचण होती, ती येऊन बघेल का, असं विचारत होता. तिनं त्याला शब्द दिला नाही. फक्त विचारलं, "हॉलमधल्या बायकांचं काय झालं? तो बाहेर जाण्याचा प्रश्न?"

"अहो, तो प्रश्नच राहिला नाही आता," अश्विन मोकळेपणानं म्हणाला. "यंदा दुसरीकडून बायका आणल्या. रोहितनं आधीच ट्रेनिंग घेतलं त्यांचं. कामाच्या दिवशी सकाळी पाणी जपून प्या, असं पहिल्याच दिवशी सांगतो आम्ही. आता एक तक्रार नाही."

तेजस्विनी दवाखान्याच्या जिन्यात उभी होती. वरून कोणीतरी फरशी पुसत उतरत होतं आणि फिनेलचा वास येत होता. अश्विनला आपण काय बोललो याचा पत्ताच नव्हता. तो लपवत नव्हता, उलट त्याला ते सुधारणा म्हणून सांगायचं होतं.

"मी बघते," एवढं म्हणून तिनं फोन ठेवला.

खरेदीदाराच्या वतीनं वर्षातून एकदा तपासणीला येणाऱ्या बाईंचा नंबर तिच्याकडे अजून होता. बागा, फवारण्या, तापमान याबद्दल त्यांच्याशी ती पूर्वी तासन् तास बोललेली होती. त्या बाईंना तिनं तिथूनच फोन लावला आणि सगळं सांगितलं. माझं नाव लपवू नका, असंही सांगितलं.

फेब्रुवारी संपता संपता राखीनं एक फोटो पाठवला. हॉलला लागून, टेबलांपासून चार पावलांवर, नवी कोरी स्वच्छतागृहं बांधली होती. दाराला झेंडूची माळ होती. अश्विन लाल फीत कापत होता, शेजारी रोहित हसत उभा होता, आणि मागे निळ्या टोप्यांतल्या अनोळखी बायका टाळ्या वाजवत होत्या. राखीनं खाली लिहिलं होतं: आत जाण्याचा वेळ आता खाली टाईममध्ये धरत नाहीत. रोहित सर म्हणाले, ही त्यांचीच कल्पना होती. स्क्रीन आहेच.

बायका आता पाणी पीत असतील, या विचारानं तेजस्विनीला बरं वाटलं, अगदी मनापासून. आणि त्या फितीकडे बघताना तिला तितकीच शिसारीही आली. दोन्ही एकदमच होत होतं. ती बराच वेळ फोटोकडे बघत राहिली. मग राखीला तिनं विचारलं, "मैनाचं काही कळलं का?"

"बरी आहे," राखीनं उत्तर पाठवलं. "पण यंदा ती कुठंच कामाला गेली नाही म्हणे. घरचे पाठवत नाहीत."